आधी ट्रेल, मग गाडी

अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात सेकंड हँड एटीव्हीच्या, म्हणजे रस्ता सोडून मातीत-डोंगरात चालणाऱ्या जाड टायरांच्या गाडीच्या, जाहिराती चाळायला बसले, की अर्ध्या तासात चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून जातो. १९८० च्या दशकातली तीनचाकी होंडा, नव्वदच्या दशकातली रंग उडालेली पण पहिल्या झटक्यात सुरू होणारी फोरट्रॅक्स ३००, पॉवर स्टीअरिंगवाली यामाहा ग्रिझली, हप्ते झेपत नाहीत म्हणून वर्षभरात विकायला काढलेली पोलारिस, आणि मधूनच कधी नावही न ऐकलेल्या कंपनीची चकचकीत, निम्म्या किमतीची गाडी. शोरूममध्ये आजच्या नियमांना उतरलेली वाहनेच उभी असतात. जुन्या बाजारात मात्र चांगले-वाईट निवडून ठेवणारे कोणी नसते. गेल्या पाच दशकांत जे जे बनले, चुकले, सुधारले आणि बंद पडले, ते सगळे एकाच वेळी विकायला असते. पहिलीच एटीव्ही घेणाऱ्याला या गर्दीतून आपली गाडी ओळखायची असते, आणि तिथे नेमके काय पाहायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मराठी माणसाची या वाहनाशी पहिली ओळख बहुधा लोणावळ्याला, पाचगणीला नाहीतर गोव्यात होते. आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर दोन-चार फेऱ्या मारायच्या, कडेला उभ्या मुलाने ‘हळू, हळू’ म्हणून हात करायचा, आणि फोटो काढून उतरायचे. त्या फेऱ्यांतून एक समज पक्का होतो: चार चाके आहेत, म्हणजे पडायची भीती नाही. पुढे नोकरीनिमित्त मिशिगन, युटा किंवा नॉर्थ कॅरोलायनात स्थिरावलेले कुटुंब सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला जुनी एटीव्ही शोधू लागते, तेव्हा हा समजही सोबत येतो. तो आधी दूर व्हायला हवा. एटीव्ही उलटते, आणि उलटली की अडीच-तीनशे किलोचे धूड चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार एटीव्ही आणि तत्सम ऑफ-रोड वाहनांच्या अपघातांत जखमी होऊन वर्षाकाठी सुमारे १ लाख माणसे इस्पितळांच्या तातडीच्या विभागात पोहोचतात.

दुचाकीची सवय इथे मदतीपेक्षा अडचणच जास्त करते. एटीव्हीचा थ्रॉटल मुठीने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरून मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो आणि गाडी थांबण्याऐवजी उसळते. तोल जातोय असे वाटले की पाय टेकवणे हे स्कूटरवर वाढलेल्यांच्या अंगात मुरलेले असते. एटीव्हीवर टेकवलेल्या पायावर मागचे चाक चढते.

या सगळ्याचे मूळ पाहायचे तर १९७० पर्यंत मागे जावे लागते. हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप बसतो, तेव्हा विक्रेत्यांना त्या दिवसांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकी शाखेने जपानला केली होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याने निरनिराळ्या रचना करून पाहिल्या आणि शेवटी तीन चाकांची गाडी निवडली. तिला शॉक ॲब्सॉर्बर नव्हते. धक्के पचवण्याचे काम अगदी कमी हवेच्या रुंद बलून टायरांवर सोपवले होते. यूएस९० नावाने ती १९७० मध्ये ५९५ डॉलरला बाजारात आली, पुढे तिचेच नाव एटीसी९० झाले. बर्फ, वाळू, चिखल सगळीकडे ती तरंगत जाई, शेतकऱ्यांनी ती उचलून धरली, आणि एका दशकात इतर कंपन्याही तशा गाड्यांच्या मागे लागल्या.

खोट रचनेतच होती. मागचा अ‍ॅक्सल सलग असल्यामुळे दोन्ही चाके एकाच गतीने फिरत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. ते जमत नसल्याने गाडी सरळच जाऊ पाहते. अंग आत झुकवून, बाहेरच्या पायावर भार देऊन आतले चाक हलके केले तरच ती नीट वळते. हे ज्याला शिकवलेले नाही तो हँडल जोरात वळवतो, आणि पुढे एकच चाक असलेली गाडी कलंडते. तिच्यावर लहान मुले बसू लागली, इंजिने मोठी होत गेली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अपघातांचा प्रश्न न्यायालयात पोहोचला. १९८८ मध्ये सरकार आणि होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, पोलारिस या कंपन्यांमध्ये न्यायालयाच्या मंजुरीने समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, ग्राहकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली, आणि त्याच वर्षी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली. २००८ च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने नव्या तीनचाकींवर बंदी आणली आणि चारचाकींसाठीचे सुरक्षा मानक सक्तीचे केले.

पण १९८८ च्या समझोत्यात आधीच विकलेल्या तीनचाकी मालकांकडून परत घेण्याची अट नव्हती. त्या गोठ्यांत, गॅरेजांत राहिल्या आणि आजही काही शे डॉलरला विकायला येतात. संग्राहकांना त्यांचे प्रेम आहे आणि ते समजण्यासारखे आहे. ट्रेलवर पहिल्यांदा उतरणाऱ्याने मात्र तीनचाकी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

चार चाकांची सुरुवात १९८२ मध्ये सुझुकीच्या क्वॉडरनर १२५ ने झाली. त्यानंतरच्या काही टप्प्यांचा जुनी गाडी निवडताना थेट उपयोग होतो. होंडाची फोरट्रॅक्स ३०० ही १९८८ पासून २००० पर्यंत फारसा बदल न होता बनत राहिली. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ती डोळे झाकून खोलतो. पोलारिसने १९८५ मध्येच गिअर न बदलता चालणारी, बेल्टवरची एटीव्ही आणली, आणि १९९६ च्या स्पोर्ट्समन ५०० मध्ये मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. दगडधोंड्यांच्या वाटेवर दिवसभर बसल्यावर या सस्पेन्शनची किंमत पाठीला कळते. २००७ मध्ये होंडाच्या रँचर ४२० ला फ्युएल इंजेक्शन मिळाले. थंडीत चोक ओढत बसण्याचा आणि महिनोन्महिने पडून असलेल्या पेट्रोलने कार्बोरेटर तुंबण्याचा त्रास त्यामुळे बराच कमी झाला. त्याच वर्षीच्या ग्रिझली ७०० मध्ये पॉवर स्टीअरिंग आले. या ७०० सीसीच्या आकड्यावर नवशिक्याची नजर खिळते. खरे तर सुरुवातीला २५० ते ४५० सीसीची युटिलिटी गाडी पुरून उरते. ती हलकी असते, अंगठ्याची चूक पोटात घालते, आणि चढावर बंद पडली तर माणूस तिला सांभाळू शकतो.

स्पोर्ट क्वॉड हा निराळा प्रकार. होंडाची ४००ईएक्स किंवा यामाहाची रॅप्टर वाळूच्या टेकड्यांवर आणि ट्रॅकवर अप्रतिम धावते, पण अशा गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नसते, सामान ठेवायला कॅरिअर नसते, आणि ४००ईएक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत तर रिव्हर्स गिअरही नव्हता. अरुंद वाटेवर गाडी फिरवायची वेळ आली की रिव्हर्सचे महत्त्व कळते.

खरेदीची सुरुवात गाडीपासून नव्हे, जिथे चालवायची त्या वाटेपासून करायला हवी, असे या विषयात मुरलेले लोक सांगतात, आणि त्यात मोठे तथ्य आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातली हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स घ्या. एकोणिसाव्या शतकात ज्या दोन घराण्यांच्या वैराने हा डोंगराळ भाग देशभर गाजला, त्यांचेच नाव घेऊन २००० मध्ये या वाटा खुल्या झाल्या. कोळसा आणि लाकूड कंपन्यांच्या जमिनींवरून करार करून आखलेले हे जाळे आता हजार मैलांच्या पुढे गेले आहे. खाणी बंद पडत गेलेल्या गावांत आज एटीव्हीवाल्यांसाठी खोल्या आणि खाणावळी चालतात, आणि वाटेवरून थेट गावात शिरता येते. वाटा हिरव्या, निळ्या, काळ्या अशा रंगांनी चढत्या क्रमाने अवघड म्हणून दाखवलेल्या आहेत. परवाना आणि हेल्मेट सक्तीचे आहे, आणि एकाच माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे कोणाला बसवायला मनाई आहे. आपल्याकडे स्कूटरवर तिघे बसलेले पाहिलेल्या डोळ्यांना एवढ्या लांबलचक सीटवर एकच माणूस हे पटत नाही. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावे म्हणून. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आत असे अंग हलवूनच ही गाडी ताब्यात राहते. मागे माणूस बसला की सरकायला जागाच उरत नाही. नवरा-बायको दोघांना एकाच गाडीवर जायचे असेल तर दोघांसाठी बनवलेले लांब चेसिसचे मॉडेलच शोधायला हवे.

युटातली पायूट एटीव्ही ट्रेल याहून वेगळी. फिशलेक राष्ट्रीय वनातून जाणारा तिचा मुख्य वळसा सुमारे २७५ मैलांचा आहे. मॅरिसव्हेल, रिचफील्ड यांसारखी गावे वाटेत लागतात, पेट्रोल तिथे भरता येते. उंची मोठी, हवा विरळ, अंतरे लांब. तिथे टाकीचा आकार आणि सस्पेन्शन महत्त्वाचे ठरते. मिशिगनमध्ये एकीकडे सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्या आहेत, जिथे दुरून दिसावे म्हणून उंच काठीवरचा केशरी झेंडा लावावा लागतो, आणि दुसरीकडे उत्तरेच्या जंगलांतल्या अरुंद वाटा. अमेरिकी वनखात्याच्या आणि अनेक राज्यांच्या कितीतरी वाटा ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांनाच खुल्या असतात. मूळ अवस्थेतली बहुतेक युटिलिटी एटीव्ही ४६ ते ४८ इंच रुंद असते, म्हणजे ती बसते. पण आधीच्या मालकाने चाकांना स्पेसर लावून किंवा बाहेर येणारे टायर घालून ती रुंद केली असेल तर त्या वाटेच्या तोंडाशीच प्रवास संपतो. गाडी पाहायला जाताना खिशात मोजपट्टी न्यावी. पाच सेकंदांचे काम आहे. वनखात्याच्या जमिनीवर ठिणगी अडवणारी जाळी सायलेन्सरमध्ये असावी लागते, आणि बऱ्याच राज्यांत आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे. मोठा आवाज करणारा बदली सायलेन्सर ही विकणाऱ्याच्या लेखी ‘जादा सोय’ असली तरी घेणाऱ्याच्या डोक्याला ताप आहे.

आता प्रत्यक्ष गाडीसमोर उभे राहू. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहावा. कोमट लागले तर गाडी थंड असताना सुरू व्हायला त्रास देते, हा संशय घ्यायला जागा आहे. जुनी बाइक घेताना घरातले वडीलधारे हेच करायचे.

धुतलेल्या, पॉलिश मारलेल्या प्लॅस्टिककडे फार पाहू नये. फेंडर आणि पत्रे काही शे डॉलरमध्ये नवे मिळतात. गाडीचे खरे आयुष्य जिथे पाण्याचा पाइप पोहोचत नाही तिथे लिहिलेले असते. सीट उचलावी, एअर बॉक्सचे झाकण काढावे, फिल्टर बाहेर घ्यावा, आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत बोट फिरवावे. बोटाला बारीक धूळ लागली तर ती इंजिनातही गेली आहे, आणि रिंगा-पिस्टन झिजले असणार. नळीत किंवा बॉक्सच्या तळाशी वाळलेला गाळ दिसला, हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ दिसली, तर गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती. मग डिपस्टिक. तेल काळे असले तर फार बिघडत नाही, ते बदलता येते. ते पांढुरके, दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि गाडी तिथेच ठेवून परत फिरावे. हीच तपासणी पुढच्या-मागच्या डिफरन्शियलच्या तेलाची करावी. तिथे पाणी शिरले असेल तर गिअरबेअरिंगचे काम निघणार.

मग गाडी जॅकवर उचलून प्रत्येक चाक वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली, चाकाला प्ले असला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. डावे-उजवे हलवल्यावर प्ले लागला तर टाय रॉडचे टोक. चाकामागचे रबरी बूट बोटांनी दाबून, उलगडून पाहावेत. फाटलेल्या बुटातून चिखल आत जातो आणि सीव्ही जॉइंट वळणावर टकटक करू लागतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल थापलेला असेल तर इंजिन कधी ना कधी तापलेले असणार. गाडीच्या पोटाखाली झोपून चेसिसवरचे वेल्डिंग पाहावे. कारखान्याचे वेल्डिंग एकसारखे असते, घरगुती वेल्डिंग लगेच उठून दिसते. चेसिसचा एखादाच तुकडा नव्याने रंगवला असेल तर का रंगवला, हे विचारावे.

मीटरवर मैल आणि तास दोन्ही दिसत असतील तर साधा भागाकार करावा. ३००० मैल आणि ३०० तास म्हणजे ताशी सरासरी १० मैल. ट्रेलवर रमतगमत चाललेल्या गाडीचा हा वेग. १००० मैल आणि ४०० तास म्हणजे ताशी अडीच मैल: ही गाडी बहुधा बर्फ ढकलायला किंवा शेतात ओझी ओढायला वापरली आहे. पुढे बर्फाचा नांगर बसवण्याचे कंस, झिजलेला विंच दिसतात का, ते पाहावे. अशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिच्या बेल्टवर, क्लचवर आणि पुढच्या सस्पेन्शनवर जास्त ताण पडलेला असतो आणि किंमत तशी ठरायला हवी. इंजिनाला हवा वरून मिळावी म्हणून नळ्या हँडलपर्यंत नेलेल्या, अवाढव्य टायर घातलेली गाडी चिखलात बुडवण्यासाठीच तयार केलेली असते. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर सुरू करून पाहावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. थंडीत सुरुवातीला येणारी वाफ थोड्या वेळाने थांबायला हवी. पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. हेल्मेट घालून, इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावे. सगळे गिअर, रिव्हर्स, फोर व्हील ड्राइव्ह सैल मातीवर टाकून पाहावे. बटणाने गिअर बदलणाऱ्या होंडात हे विशेष करावे, कारण त्या यंत्रणेतले सेन्सर गरम झाल्यावरच रुसतात. बेल्टवरची गाडी चढावर नेऊन थ्रॉटल दाबावा. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर बेल्ट गेला आहे. पुढे ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या होंडांमध्ये पाणी शिरून ब्रेक मंदावतात, तेही तपासावे.

कागदपत्रांच्या बाबतीत भारतासारखी एकच पद्धत इथे नाही. मिशिगनसारख्या राज्यात एटीव्हीलाही टायटल लागते, काही राज्यांत ते मागत नाहीत आणि सहीची विक्रीपावतीच चालते. चेसिसवर कोरलेला १७ अक्षरांचा व्हीआयएन मात्र सगळीकडे असतो. त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. विकणारा २०१२ ची म्हणतो आणि अक्षर २००९ चे निघते, हे तिथेच उभ्या उभ्या कळू शकते. तो क्रमांक घासलेला असेल तर पुढे बोलूच नये. राष्ट्रीय विमा गुन्हे विभागाच्या व्हीआयएनचेक या मोफत सेवेत तो टाकला की विमा कंपन्यांकडे चोरीची नोंद असल्यास समजते.

किमतीचा अंदाज केली ब्लू बुक किंवा जे. डी. पॉवरच्या दरपत्रकावरून येतो. उन्हाळा तोंडावर आला की भाव चढतात, शिकारीचा हंगाम संपून थंडी पडली की उतरतात. नव्या मध्यम एटीव्हीला ६ हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. अर्ध्या किमतीत मिळणारी, नाव न ऐकलेल्या कंपनीची जवळजवळ नवी गाडी तिथेच मोह घालते. तिचा ब्रेक लीव्हर तुटला तर तो कुठून आणायचा, हे पैसे देण्याआधी विचारून पाहावे. वीस वर्षांच्या होंडाचा लीव्हर दोन दिवसांत दारात येतो.

मुलांच्या बाबतीत घासाघीस नको. मोठ्यांच्या आकाराची एटीव्ही १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे प्रत्येक गाडीवरच्या सूचनेत छापलेले असते. मुलांसाठी वयोगटानुसार वेग मर्यादित ठेवलेली मॉडेल्स निराळी मिळतात. ‘दोन वर्षांत मोठा होईल, आताच मोठी घेऊ’ हा कपड्यांच्या दुकानातला विचार इथे जिवावर बेततो. मुलाचे वजन कमी असते, आणि गाडी वळवायची असते ती अंगाच्या भारानेच.

गाडी ठरली, पैसे दिले, घरी आणली, की पहिला शनिवार ट्रेलवर नव्हे, गॅरेजमध्ये जातो. इंजिनाचे तेल आणि फिल्टर, दोन्ही डिफरन्शियलचे तेल, ब्रेकचे तेल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, सगळे बदलावे. आधीच्या मालकाने काय केले होते यावर विसंबू नये. टायरमधली हवा कमी दाब मोजणाऱ्या खास गेजने पाहावी, कारण या टायरांत पाच-सहा पीएसआयच हवा लागते आणि कारच्या गेजवर एवढा दाब नीट कळत नाही. हा सगळा खर्च, हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट धरून काही शे डॉलर ठरलेल्या रकमेतून आधीच बाजूला काढावे लागतात, म्हणजे गाडीवर करायचा खर्च तेवढा कमी धरायचा. एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचे प्रशिक्षण मोकळ्या मैदानावर काही तासांत पुरे होते. युटाने तर २०२३ पासून सार्वजनिक जमिनीवर एटीव्ही चालवणाऱ्या प्रत्येकाला ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. तो करायला घरच्या सगळ्यांनी बसावे, गाडी कोण चालवणार हे ठरलेले असले तरीही, कारण डोंगरात चालवणाऱ्याला लागले तर गाडी दुसऱ्या कोणाला तरी खाली आणावी लागते.